तुझ्या मोडक्या जपानीचं काय करू, कुंदा

कुंदा, गेल्या रविवारी तुझ्या शोकसभेला सगळे मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जमले आणि एकामागून एक उभं राहून तुला मृदुभाषी म्हणाले. मृदुभाषी! मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. मंडळाचे एक जुने पदाधिकारी म्हणाले, डॉक्टर कुंदाताईंचा आवाज चढलेला कधी कोणी ऐकला नाही. हे तेच गृहस्थ, जे तू त्यांच्या मुलीला तपासत असताना सेलफोनवर बोलत बसले होते आणि ज्यांना तू खांद्याला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन उभं केलं होतंस. मी उठणार होतो. केतकीने माझा हात दाबला. "बाबा, प्लीज. लेट इट गो."

म्हणून आता घरी बसून हे लिहितोय. तू मृदुभाषी नव्हतीस. तू भांडकुदळ होतीस, घाईची होतीस, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीस आणि आपलं जे मुख्य भांडण होतं ते अर्ध्यावर टाकून निघून गेलीस. हे शेवटचं तर मला अजिबात आवडलेलं नाही.

भांडण कशावरून, ते मला पहिल्यापासून मांडू दे. मध्ये बोलू नकोस.

तू सगळ्यांना सांगायचीस, "माझा नवरा माझ्याच क्लिनिकमध्ये दुभाषा आहे." मी कधी होणार होतो दुभाषा? मी पंपांचा माणूस. लग्नाआधी कंपनीने मला नागोयाजवळच्या कारखान्यात पाठवलं होतं, तिथे तीन वर्षं पंप तपासता तपासता जपानी शिकलो. तू तेव्हा नागपूरला मेडिकलच्या होस्टेलवर. पुढे आपण कॅनडात आलो, तू इथल्या सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्यास, कोक्विटलामला फार्मसीच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांचं क्लिनिक थाटलंस आणि नवं शतक लागता लागता बर्नबीतली माझी कंपनी बंद पडली. मी घरी बसलो. अप्लाय करत होतो. आणि एक दिवस तुझा फोन आला, "घरी बसून काय करून राहिला? माझा डबा राहिला, तेवढा आणून दे."

डबा घेऊन आलो तर काउंटरपाशी एक तरुण बाई उभी होती. खांद्यावर तापलेलं बाळ, आणि इंग्रजी घशात अडकलेलं. रिसेप्शनवरची मुलगी तिला तेच ते प्रश्न आणखी मोठ्या आवाजात विचारत होती, जसं काही बाई बहिरी आहे. मला राहवलं नाही. मी जपानीत विचारलं. पण माझी जपानी पंपांची. मी म्हणालो, "बिघाड केव्हापासून आहे? सतत आहे की अधूनमधून?" ती माझ्याकडे बघत राहिली. एका मिशीवाल्या भारतीय माणसाने तिच्या बाळाला नादुरुस्त यंत्र म्हटलं होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तू आतून ओरडलीस, "माधव, काय केलंस तिला?"

झालं. तिने आणखी दोघींना सांगितलं, त्यांनी आणखी चौघींना. कोणाच्या नवऱ्याची कंपनीने इथे बदली केलेली, कोणी इथल्या माणसाशी लग्न करून आलेली, आणि सगळ्यांच्या कडेवर एकेक पोर. वर्षभरात तुझ्या बुधवारच्या दुपारी जपानी झाल्या. मला कोणी विचारलं? तू एकदा म्हणालीस, "बुधवारी येशील ना रे," आणि त्यात प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

अंगावर पाजण्याबद्दलचे प्रश्न मी भिंतीकडे तोंड करून विचारायचो, हे तुला आठवतं का? त्या बायांना माझ्यापुढे संकोच आणि मला त्यांच्याहून दुप्पट. भिंतीवर मुलांच्या उंचीचा तक्ता होता, त्यावरच्या जिराफाला मी स्तनाग्रांना चिरा पडतात का ते विचारायचो. तू मागून म्हणायचीस, "भिंतीशी काहून बोलून राहिला?" एखाद्या बाईची सोय करता आली असती. ती झाली नाही, कारण तुला मीच हवा होतो. तुला वाटायचं नवरा असला की त्याच्यावर ओरडता येतं.

तुमच्या धंद्याची भाषा मी घरी बसून शिकलो. त्या जपानी आयांना वाटायचं, डॉक्टरने ताप म्हटलं की पाच दिवसांच्या पुड्या बांधून द्याव्यात, जपानात देतात तशा. तू म्हणायचीस, "पाणी पाजा. झोपू द्या." आणि उठायचीस. ती बाई माझ्याकडे बघायची, एवढंच? मग मी तिला सांगायचो की डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं आहे, छाती साफ आहे, कान साफ आहेत, आपण वेळेवर आणलंत हे फार चांगलं झालं, आता शरीर स्वतःच हा ताप उतरवील, तोवर पाणी आणि विश्रांती हेच औषध समजावं. तू दाराशी थांबून ऐकायचीस. "माझी दोन वाक्यं होती. एवढं लांब कसं झालं?"

हेच ते भांडण, कुंदा. तुझं म्हणणं, मी सांगते तेवढंच सांग. माझं म्हणणं, तू सांगतेस तेवढंच सांगितलं तर ती बाई घरी जाऊन रडेल. तू मराठीत जे बोलतेस त्याच्याखाली काय आहे ते मला माहीत आहे, त्यांना नाही. ते खालचंही सांगावं लागतं. तू म्हणायचीस, "खालचं-वरचं काही नसते. मी सरळ बोलून राहिले."

मग तू स्वतः जपानी शिकायला घेतलीस. पन्नाशी उलटून गेल्यावर! आनंदाने नाही, माझ्यावर संशय म्हणून. सुरुवात आवाजांपासून झाली. एक आई खोकल्याचं वर्णन करताना "कोन कोन" म्हणाली, दुसरी "झेइ झेइ", आणि तू खुर्चीत ताठ झालीस. "अरे, हे तर आपल्यासारखंच! खो खो आणि घर घर!" इंग्रजीत विचारलं तर या बायांना खोकल्याबद्दल काही सांगता येत नव्हतं, आवाज काढायला सांगितला की अचूक सांगायच्या. त्या दिवशी तू इतकी खूश होतीस की घरी जाताना गाडीत मला जगातले सगळे खोकले करून दाखवलेस. मूल मलूल पडलंय याला त्या "गुत्तारी" म्हणतात, हा शब्द तर तू आपल्या घरातच आणलास. केतकी ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीतून सुट्टीत आली की तिला म्हणायचीस, "अशी काय गुत्तारी पडून राहिली? ऊठ."

तिथेच थांबली असतीस तर माझी हरकत नव्हती. पण तू वाक्यं बोलायला लागलीस. क्रियापदांची शेपटं तुला मान्य नव्हती. आदरार्थी रूपं म्हणजे वेळेचा अपव्यय. एकदा आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या, किमोनो नेसल्यासारख्या सावकाश बसल्या, आणि तू त्यांना हवालदाराने कोठडीतल्या माणसाला सांगावं तसं "कपडे काढ!" म्हणालीस. म्हणायचं होतं नातवाचे. त्या बिचाऱ्या स्वतःच्या कोटाची बटणं काढायला लागल्या. मी मध्ये पडून माफी मागितली. तुला विचारलं तर म्हणालीस, "कळलं ना त्यांना? अर्धं तर कळलं!"

आणि मग नाओको-सान.

त्यांचा केंता साडेतीन वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. नवरा कंपनीच्या कामात बुडालेला, घरी ही आणि पोर. तू केंताला जमिनीवर खेळणी देऊन बसवलंस आणि नाओको-सानना म्हणालीस, जरा बोला त्याच्याशी. त्या त्याच्याजवळ बसल्या. "लुक. डॉग," म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग, "बिग डॉग." पुन्हा काही नाही. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. पोर त्यांच्याकडे न बघता चाक फिरवत होतं.

तू मला म्हणालीस, "ही इंग्रजीत काहून बोलून राहिली पोट्ट्याशी?"

मी विचारलं. त्या म्हणाल्या, प्रीस्कूलच्या बाईंनी सांगितलं की दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, घरी फक्त इंग्रजी बोला. गेले कित्येक महिने त्या ते पाळत होत्या. त्यांना येणारं इंग्रजी दुकानात आणि बसमध्ये चालण्याइतकं. म्हणजे त्या बाईने आपल्या मुलाशी बोलणंच जवळजवळ थांबवलं होतं, आणि तेही त्याच्या भल्यासाठी.

तुझा चेहरा मला दिसला. मी मनात म्हटलं, आता ही ओरडणार.

"तिला सांग, हा मूर्खपणा आहे. ज्या भाषेत हिला चिडता येते ना, त्या भाषेत बोल म्हणा त्याच्याशी. आजपासून. आणि कान तपासून घे म्हणा. मी त्याच्या मागे चावी वाजवली, त्याने मान वळवली नाही."

मी सांगितलं. माझ्या पद्धतीने सांगितलं. डॉक्टरांचं असं मत आहे की आपण घरी जपानी बोललात तर मुलाला आधारच वाटेल, आणि केवळ खबरदारी म्हणून कानांची तपासणी करून घ्यावी का. नाओको-सान मान खाली घालून ऐकत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कांगाएते ओकिमासु."

तू उजळलीस. तुला शब्द ओळखू आला होता. "विचार करते म्हणाली! मला कळलं!"

"कुंदा," मी म्हणालो, "याचा अर्थ नाही असा आहे."

"विचार करते म्हणजे विचार करते."

"जपानीत नाही. हे नाहीच आहे. ती येणार नाही."

गाडीत आपण केवढे भांडलो! पाऊस पडत होता, वायपर कर्रकर्र करत होते, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी तू हलली नाहीस. नाही म्हणायचं असेल तर माणसाने नाही म्हणावं, हे तुझं. तू तिला मूर्ख म्हणणार होतीस, मी वाचवलं, हे माझं. त्यावर तू म्हणालीस, "तू वाचवलं नाहीस. तू इतकं मऊ करून सांगितलं की तिला वाटलं, नाही केलं तरी चालते." मागून हॉर्न वाजला.

नाओको-सान आल्या नाहीत. कानांच्या तपासणीची अपॉइंटमेंट तू घेऊन दिली होतीस, तिथेही गेल्या नाहीत. तू फोन करायला लागलीस, मी म्हणालो, नको, त्यांना लाज वाटेल, थोडं थांबू. तू थांबलीस. तू थांबलीस याचंच मला आश्चर्य वाटायला हवं होतं. एका रविवारी दुपारी ग्रोसरी आणते म्हणून गेलीस, बाहेर चिखलासारखा बर्फ साचलेला, आणि अंधारून आल्यावर रिकाम्या हातांनी परत आलीस. मोजे ओले.

"ग्रोसरी?"

"राहिली."

"कुठे होतीस?"

"नाओकोकडे."

"मला न घेता? काय बोललीस तू तिथे?"

"तुला काय करायचं आहे?" म्हणालीस आणि मोजे हीटरवर टाकून चहा करायला गेलीस.

पुढच्याच आठवड्यात केंताचे कान तपासले गेले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचून राहिलेलं. पोराला सगळं जग उशीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. छोटी शस्त्रक्रिया करून कानांत इवल्या नळ्या बसवल्या. काही महिन्यांनी तू कान तपासायचं यंत्र उचललंस आणि तो आईच्या मागे दडून खणखणीत आवाजात ओरडला, "यादा!" म्हणजे, नाही, मला नको. तू यंत्र खाली ठेवून टाळ्या वाजवल्यास. "काय म्हणाला, माधव? पुन्हा म्हणायला लाव!" मी त्याला आदरपूर्वक विनंती केली. तो पुन्हा ओरडला. नाओको-सान तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यानंतर प्रीस्कूलमध्ये त्याचं इंग्रजीही सुरू झालं, कोणी न शिकवता.

आता ऐक. तुझ्या शोकसभेला त्या नाओको-सान हॉलमध्ये आल्या होत्या. पांढरी फुलं घेऊन, मागच्या दाराशी. केंता त्यांच्या खांद्याला लागलाय. सगळे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि ओल्या मोज्यांच्या त्या रविवारी तू काय बोललीस ते त्यांनी मला सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून तू सांगितलं नाहीस, ते मला परक्या बाईकडून कळलं.

त्या म्हणाल्या, डॉक्टर आल्या, बूट काढले, स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्याचं झाकण घेतलं आणि केंताच्या पाठीमागे जमिनीवर टाकलं. त्याने बघितलं नाही. मग माझ्यासमोर बसल्या, बोट माझ्याकडे करून म्हणाल्या, "तू, वाईट नाही." मग केंताकडे बोट करून, "हा, वाईट नाही." मग कानाला हात लावून, "हे, वाईट."

कुंदा, ही जपानी नाही. ही कोणतीच भाषा नाही. जपानीत समोरच्या बाईला कोणी असं तोंडावर "तू" म्हणत नाही. मी असतो तर हेच तीन सभ्य वाक्यांत मांडलं असतं. नाओको-सान म्हणाल्या, इथे आल्यापासून मला सगळे फार सभ्यपणे सांगत होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्यातून मला एकच ऐकू यायचं, की चूक माझी आहे.

मला वाईट वाटलं का? वाटलं. आणि रागही आला. कारण एवढ्यावरून तू जिंकलीस असं होत नाही. त्या आजीबाई पुन्हा कधीच आल्या नाहीत, हे मी तुला सांगितलं असतं. तू म्हणाली असतीस, त्यांचा नातू बरा झाला म्हणून आल्या नाहीत. मी म्हणालो असतो, तुला कसं माहीत? हे सगळं गाडीत व्हायला हवं होतं.

केतकीवरूनही आपलं राहिलंच. मी एकदा म्हणालो होतो, जगातल्या सगळ्या आयांना आपापली भाषा बोलायला लावतेस, आणि आपली पोरगी? मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. तू भाजी चिरत होतीस. म्हणालीस, "माझ्याशी इंग्रजीत तरी भांडते. तुझ्याशी तर तीही तुझ्यासारखंच गोड बोलते." मी कोथिंबीर निवडायला घेतली. 

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आहे सांगू? वर्षभर तुझं पोट दुखत होतं. दुसऱ्या कोणाच्या आईने पोराला इतके दिवस तसंच ठेवलं असतं तर तू तिला फाडून खाल्लं असतंस. स्वतःच्या बाबतीत म्हणालीस, ॲसिडिटी आहे. शेवटी गेलीस, तपासण्या झाल्या, आणि त्या दिवशी मी पार्किंग शोधून वर येईपर्यंत तू स्पेशालिस्टना भेटून बाहेर बाकावर येऊन बसली होतीस.

"काय म्हणाले?"

"औषध बदलून पाहू म्हणाले. वेळ लागते याला. घाबरण्यासारखं नाही. तू जेवलास का?"

मी सुटकेचा श्वास टाकला आणि आपण खाली जाऊन सँडविच खाल्लं. त्यांनी तुला प्रत्यक्षात आता उपाय उरला नाही असं सांगितलं होतं, ते मला उन्हाळ्यात कळलं, घरी येणाऱ्या नर्सच्या बोलण्यातून, तिला वाटलं मला माहीतच आहे. मी तुझ्या खोलीत आलो तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस, पण जागी होतीस, मला कळतं. मी तुझं पांघरूण सारखं केलं.  सांगते तेवढंच सांग म्हणून माझ्यावर आयुष्यभर ओरडलीस, आणि मला सांगायची वेळ आली तेव्हा तू काय सांगितलंस? जेवलास का!

हे मी तुला जिवंतपणी ऐकवायला हवं होतं. तू इतकी बारीक झाली होतीस की ऐकवलं नाही. आता ऐकवतोय. आणि त्या दुपारचं ते सँडविच मला मिळालं, अजून काही आठवडे मी बिनघोर झोपलो, त्याबद्दल काय म्हणायचं ते मला येणाऱ्या कोणत्याच भाषेत जमत नाही.

क्लिनिक आता एका तरुण डॉक्टरांनी घेतलंय. चांगला मुलगा आहे. त्याने मला फोन करून विचारलं, बुधवारी याल का, या आया तुमच्याबद्दल विचारतात. मी हो म्हणालो. काल गेलो होतो.

कुंदा, तो इतका सभ्य आहे की बघवत नाही. एक वाक्य बोलतो, थांबतो, माझं पुरं होईपर्यंत वाट बघतो, माझ्याकडे न बघता आईकडे बघतो, सगळं शिकवल्याप्रमाणे. माझं लांबलं तरी विचारत नाही की एवढं लांब कसं झालं. पहिलीच आई आली होती, दोन महिन्यांचं बाळ घेऊन, टोरांटोहून नुकतीच इकडे आलेली. त्याने बाळाच्या उघड्या पोटावर हात ठेवला आणि बाळ किंचाळलं. बाहेर थंडी, त्याचे हात बर्फासारखे. आई दचकली, पण हसून म्हणाली, दाइजोबु, काही हरकत नाही. तेवढा जपानी शब्द त्याला येत होता. "ग्रेट," म्हणाला, आणि पुन्हा हात पुढे केला.

मी थांबलो. तू आता ओरडशील म्हणून थांबलो. खोलीत कोणीच ओरडलं नाही.

मग मीच म्हणालो, इंग्रजीत, एका वाक्यात, प्लीजसुद्धा न लावता, "डॉक्टर, आधी हात गरम करा."

तो लाल झाला. सॉरी म्हणाला आणि सिंकपाशी जाऊन गरम पाण्याखाली हात धरून उभा राहिला. आईने माझ्याकडे बघितलं, तुम्ही काय म्हणालात त्यांना? मी तिला जपानीत सांगितलं. जेवढं म्हणालो होतो तेवढंच.

गरम हातांनी तपासल्यावरही बाळ रडतच राहिलं. उगाच खूश होऊ नकोस.